अकरा तास दूरची मॅच

एका मॅचसाठी अकरा तास विमानात बसाल? मादागास्करच्या पूर्वेला रियुनियन हे ज्वालामुखीचं बेट आहे. कारभार फ्रान्सचा, चलन युरो, आणि तमिळ वंशाचे लोक इतके की जागोजागी मंदिरं दिसतात! फ्रान्सचाच भाग असल्यामुळे इथले क्लब फ्रेंच कपही खेळतात. सां-पिएर गावाचा सां-पिएरवाझ हा त्यातलाच एक. (कॅमेरूनचा रॉजर मिला १९९०च्या वर्ल्डकपआधी इथेच खेळायचा, बरं का!)

जानेवारी २०२०. बेटावर भर उन्हाळा, फ्रान्समध्ये कडाक्याची थंडी. हा हौशी संघ नियोरला पोहोचला. समोर दुसऱ्या श्रेणीतले व्यावसायिक खेळाडू. निकाल? २-१, बेटवाले जिंकले! शेवटच्या ३२ संघांत त्यांचं नाव आलं. पुढची मॅच मात्र हरले, आणि पुन्हा तेच अकरा तास, घराकडे.