चारही उत्तरं बरोबर असतात तेव्हा

आज एका नापास झालेल्या परीक्षेबद्दल लिहिते आहे. परीक्षा माझ्या धाकट्या बहिणीची होती, पण अभ्यास मी घेतला होता.

बहीण लग्नानंतर न्यू जर्सीला गेली. मुलं शाळेत जायला लागल्यावर तिथल्या कम्युनिटी कॉलेजात तिने दोन वर्षांचा फिजिकल थेरपिस्ट असिस्टंटचा कोर्स केला. पण तिथे नुसत्या पदवीवर पेशंटला हात लावता येत नाही. आधी राष्ट्रीय परीक्षा, मग राज्याचा परवाना. ही परीक्षा वर्षातून चारदाच होते: जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर. चार तास, 180 प्रश्न. त्यातले 40 प्रश्न पुढच्या परीक्षांसाठी नुसते चाचपून बघायला घातलेले असतात, त्यांचे गुण धरत नाहीत. ते कुठले, हे मात्र परीक्षार्थीला कळत नाही! गुण 200 ते 800 या पट्टीवर देतात आणि उत्तीर्ण व्हायला 600 लागतात. बारा महिन्यांत तीनदाच बसता येतं आणि आयुष्यभरात सहा वेळा.

तिच्याकडे रात्र झाली की माझ्याकडे सकाळ. मुलं झोपली की तिचा फोन यायचा आणि शाळेत जायच्या आधी मी तिच्या नोट्समधून प्रश्न विचारायचे. खांदा समोरून वर किती अंश जातो? 180. स्नायूच्या ताकदीची श्रेणी 3 म्हणजे काय? गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पूर्ण हालचाल होते, पण वरून जोर दिला तर टिकत नाही. धडाधड उत्तरं द्यायची. मी खूश. म्हटलं, ही पहिल्या फटक्यात सुटणार.

जानेवारीत तिला 588 गुण मिळाले.

फोनवर ती रडली नाही, हेच मला जास्त लागलं. एवढंच म्हणाली, "ताई, तू विचारलेलं मला सगळं येत होतं गं. पण तिथे तसं विचारतच नाहीत." मग तिने सरावाच्या प्रश्नासारखा एक प्रश्न मला घातला. मणक्याला वरच्या भागात इजा झालेला पेशंट. व्यायाम चालू असताना अचानक डोकं ठणकायला लागतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो, रक्तदाब चढतो. पर्याय चार: त्याला बसतं करणं, लघवीची नळी कुठे मुडपली आहे का बघणं, घट्ट कपडे सैल करणं, मदत बोलावणं. सर्वात आधी काय?

मी म्हटलं, "आडवं करायचं." तो तर पर्यायच नव्हता! आपल्याकडे कोणाला काही झालं की आधी आडवं करतात ना, तसं माझ्या तोंडून निघून गेलं. आडवं केलं तर रक्तदाब आणखी चढेल. म्हणून आधी बसतं करायचं, म्हणजे तो थोडा उतरतो, आणि लगेच कारण शोधायचं. बऱ्याचदा ते कारण म्हणजे तुंबलेली नळी असते. चारही गोष्टी करायच्याच असतात. प्रश्न फक्त क्रमाचा असतो.

आणखी एक गोष्ट तिला जड गेली. असिस्टंटने पेशंटचं मूल्यमापन करायचं नसतं, उपचाराचा आराखडा बदलायचा नसतो. ते काम थेरपिस्टचं. त्यामुळे काही प्रश्नांचं उत्तर नुसतं 'थांबा आणि थेरपिस्टला कळवा' एवढंच असतं. घरात सगळे निर्णय घेणारी बाई ती! म्हणायची, "मला येतंय तर मी का करू नये?"

मग आम्ही पद्धत बदलली. मी उत्तर विचारणं बंद केलं. बाकीचे तीन पर्याय आत्ता का नाहीत, ते तिने मला, म्हणजे यातलं काही न कळणाऱ्या बाईला, पटवून द्यायचं. दिवसाला पन्नासऐवजी दहाच प्रश्न व्हायचे. चुकांची वहीही केली: माहीतच नव्हतं, घाईत वाचलं, दोन पर्याय उरले आणि चुकीचा निवडला. तिसऱ्या रकान्याची पानं आधी भरली. माझ्या प्रश्नांनी त्या रकान्याला कधी हातही लावला नव्हता.

एप्रिलमध्ये ती पास झाली.

खरं सांगू का, वीस वर्षं मी आठवीच्या मुलांनाही जानेवारीसारखेच प्रश्न विचारत आले. व्याख्या लिहा, नावे द्या. यंदा चाचणीत एक प्रश्न वेगळा घातला. विजेच्या उघड्या तारेला एक माणूस चिकटला आहे. मुख्य बटण तुमच्या हाताशी आहे. बटण बंद करणे, मदतीसाठी हाक मारणे, श्वास चालू आहे का पाहणे, डॉक्टरांना बोलावणे. सर्वात आधी काय कराल आणि बाकीचे आधी का नाही?

एका मुलाने लिहिलं, श्वास पाहीन. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील पेपर घेऊन आले. "बाई, श्वास बघायचा हे तुम्हीच शिकवलंत ना? मग उत्तर चुकलं कुठे?"

मी त्यांना खुर्ची दिली आणि मुलाला वर्गातून बोलावून घेतलं. म्हटलं, "बाळा, आता बाबांना दाखव. ते चिकटलेत. तू श्वास कसा बघशील?"

त्याने हात पुढे केला आणि मध्येच थांबवला.