दहा थाउ

आम्ही पोचलो तेव्हा लाइट गेलेली होती. बदलापुरातून बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर जुलैत लाइट जाण्याचं कुणाला नवल वाटत नाही. मला मात्र वैताग आला. मी इलेक्ट्रिक गिटार बघायला आले होते. खांद्याला केबल, स्कूटरवर पायाशी छोटा अॅम्प आणि मागच्या सीटवर रेनकोटातले बाबा. ‘धरण भरत आलंय, पावसात एकटी जाऊ नकोस’ म्हणून ते आले होते. त्यांच्या खिशात एक कापडी पुरचुंडी होती, हे मला नंतर कळलं.

गिटार विकणारा मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा. धरणाची उंची वाढवली तेव्हा जी घरं उठली, त्यांच्या पुनर्वसनाच्या वस्तीत त्याचं घर. पडवीतल्या खाटेवर त्याने गिटार ठेवली. स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराची, काळी, दोन वर्षं जुनी. किंमत सहा हजार. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्याने फार फरक पडत नाही. १९५४ साली आलेल्या या आकाराच्या इतक्या नकला निघाल्यात, की स्वस्तातली गिटार म्हटलं की डोळ्यांसमोर हाच आकार येतो.

मी तीन आठवडे अभ्यास करून आले होते. लॅपटॉपवर तक्ताच केला होता: लाकूड कुठलं, पिकअप किती, फ्रेटबोर्ड कशाचा, रिव्ह्यूमध्ये किती तारे. सॉफ्टवेअरवाल्यांना सवय असते, निर्णय घ्यायचा नसला की तक्ता करायचा. पण तक्त्यातला अर्धा भाग आवाजाचा होता, आणि आवाजासाठी लाइट हवी होती.

‘येईल तासाभरात,’ मुलगा म्हणाला.

‘लाइट कशाला हवी?’ बाबांनी विचारलं. ‘आधी वस्तू तर बघू.’

बाबांनी एकतीस वर्षं अंबरनाथच्या एमआयडीसीत काढली, त्यातली बरीचशी टूलरूममध्ये फिटर म्हणून. बारवी धरणही एमआयडीसीचंच, १९७२ सालचं. इथलं पाणी जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रातून कारखान्यांना आणि आसपासच्या शहरांना जातं. धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी ठरावीक पातळीला आलं की ते आपोआप उघडतात. या गोष्टीचं बाबांना भारी कौतुक. येताना त्यांनी मला ती दोनदा सांगितली होती.

त्यांनी पुरचुंडी सोडली. आत सहा इंची स्टीलची पट्टी, फीलर गेज, अॅलन की आणि दोन-तीन बारीक कानशी. फीलर गेज म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा. दोन भागांमधली फट किती, हे त्यात कुठलं पातं बसतं त्यावरून कळतं. बाबा मिलिमीटरमध्ये बोलत नाहीत. मोठं माप असेल तर सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. बारीक असेल तर थाउ, म्हणजे इंचाचा हजारावा.

‘तार किती वर असायला पाहिजे?’ त्यांनी मला विचारलं.

मी तक्ता आठवला. ‘बाराव्या फ्रेटवर जाड तारेला दोन मिलिमीटर, बारीक तारेला दीड.’

त्यांनी पट्टी उभी धरली. ‘ही एक सूत आहे.’

एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरच्याही वर. एवढ्या उंचीवरची तार दाबायची म्हणजे बोटांना व्यायामच. मग त्यांनी मला जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरायला लावली. अशी दाबली की तारच सरळ पट्टी होते, आणि मधे सातव्या-आठव्या फ्रेटपाशी जी फट दिसते तेवढा मानेला बाक. सहा तारांचा मिळून ताण चाळीसेक किलोचा असतो. एवढं वजन मानेला सतत पुढे ओढतं, म्हणून मानेच्या आत एक लोखंडी सळई बसवलेली असते, ट्रस रॉड. ती आवळली की मान मागे येते. थोडा बाक हवाच, नाहीतर हलणारी तार फ्रेटवर आपटते. दहा थाउच्या आसपास चांगला. बाबांनी पाती बदलत बदलत मोजलं.

‘पंचवीस थाउ.’

मुलगा जवळ सरकला. ‘म्हणजे खराब आहे का काका?’

‘खराब कशाला असेल? कुणी बघितलेलंच नाही.’

नंतर बाबांनी पट्टीची कड तीन-तीन फ्रेटवर आडवी ठेवून डुलवायला सुरुवात केली. तिन्ही सारख्या उंचीच्या असतील तर पट्टी डुलत नाही, मधली वर असेल तर टकटक डुलते. नवव्या फ्रेटवर पट्टी डुलली. बाबांनी ती टकटक ऐकली नाही. ती त्यांना बोटाला कळली.

त्यांना ती ऐकू येणार नव्हतीच. टूलरूमच्या आधीची नऊ वर्षं ते प्रेस शॉपमध्ये होते. आठ तासांच्या पाळीत नव्वद डेसिबलच्या वर आवाज नको, असा नियम कागदावर आहे. कानात घालायला मिळायचा तो कापूस. अशा आवाजाने जाणारं ऐकणं आधी चार हजार हर्ट्झच्या आसपास जातं. माणूस बोलतोय हे कळतं, पण ‘स’ आणि ‘श’ निसटतात. कुकरची शिट्टी निसटते. तार फ्रेटला घासल्याचा बारीक झिरमिर आवाजही तिथेच कुठेतरी असतो. मी कॉलेजात साधी गिटार शिकायला लागले तेव्हा बाबा कधी दारात येऊन उभे राहिले नाहीत, याचा मला बरीच वर्षं राग होता. ऑडिओमेट्रीचा कागद मी पहिल्यांदा वाचला तो नोकरी लागल्यावर, त्यांना माझ्या विम्यात घालताना.

पडवीच्या पत्र्यावर पाऊस कोसळत होता. मी गिटारच्या शिंगाला कान टेकवला आणि तारा छेडल्या. लाइट नसताना इलेक्ट्रिक गिटार ऐकायची ही खरी युक्ती. लाकडातून आवाज थेट कानात येतो. कुठली तार लवकर मरते, कुठे घासते, सगळं कळतं. बाबांनी तेवढ्यात मानेच्या मागच्या बाजूला दोन बोटं ठेवली. नवव्या फ्रेटवर तार दाबली तेव्हा ठीक वाजली. आठव्यावर दाबली तर पुढच्या उंच नवव्याला घासली. आम्ही दोघांनी एकाच वेळी मान हलवली.

एवढ्यात मला तंबोरा आठवला. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीला घासून घासून असा उतार देतात, की तार तिला जेमतेम चाटत राहावी. त्या चाटण्यातून जो गुंजणारा आवाज येतो ती जवारी. त्याच हातांच्या जोरावर २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे तार घासणं हा मुळातला दोष नाही. कुणीतरी ठरवून घासू दिली तर ती जवारी, आणि कुणी पाहिलंच नाही म्हणून घासली तर खोट.

वाजवून झाल्यावर मी माझा एक्सटीसीच्या लॅबपासूनचा मल्टीमीटर काढला. गिटारला केबल जोडायची, दुसऱ्या टोकाला मल्टीमीटर लावायचा आणि स्विच एकेका पिकअपवर नेत रेझिस्टन्स बघायचा. यालाही लाइट लागत नाही. पिकअप म्हणजे शेवटी लोहचुंबकाभोवती हजारो वेढे घातलेली तांब्याची बारीक तार. आकडा भलताच मोठा दाखवला तर वेढा तुटलेला. या तिन्ही पिकअपचे आकडे सहा किलो-ओहमच्या आसपास आले. व्हॉल्यूमची कळ फिरवली की आकडा मधेच उडत होता, म्हणजे आत धूळ. तो खर्च शे-दोनशेचा.

लाकडाचं विचारायचं राहिलं होतं. बाबा म्हणाले, ‘पिकअप काय ऐकतो, लाकूड का तार?’ ‘तार.’ ‘मग?’ मला क्वीनचा ब्रायन मे आठवला. त्याने १९६३ पासून वडिलांसोबत घरी बनवलेल्या गिटारीची मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची होती. तिच्यावर तो जन्मभर वाजवत आला. माझ्या तक्त्यातला सगळ्यात लांब रकाना लाकडाचा होता.

‘मग पैसे वाचवतात कुठे?’ मी विचारलं.

बाबा खूश झाले. हा त्यांचा प्रश्न होता. ‘कापायचं काम मशीन करतं. सीएनसीला स्वस्त-महाग कळत नाही, भोक जिथे सांगशील तिथेच पाडतं. फ्रेटचं टोक घासायचं, बर काढायची, नटच्या खाचा बसवायच्या, हे माणूस करतो. एका गिटारला दीड-दोन तास. स्वस्त मालात तो माणूस काढून टाकतात.’

ते हे रागाने म्हणाले नाहीत. मला मात्र शेवटच्या वाक्याशी थोडं थांबावं लागलं. त्यांच्या कारखान्यानेही शेवटी टूलरूमचं काम बाहेर दिलं होतं.

मुलगा इतका वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, ‘मला एफ कॉर्ड कधी लागलीच नाही. सहा महिने केलं. बोटं सोलली. वाटलं, आपल्याला जमणारं नाही.’

एफला पहिल्या फ्रेटवर एका बोटाने सगळ्या तारा दाबाव्या लागतात. नटच्या खाचा उथळ असल्या की तार तिथे सगळ्यात वर असते. बाबांनी मला विचारलं, मी त्याला विचारलं, तो म्हणाला, ‘करा ना काका.’ ट्रस रॉड पाव फेरा. सॅडलचे स्क्रू खाली. नटच्या खाचांवर कानशीचे मोजके हात, मधे मधे मापून. पंधरा-वीस मिनिटं. मी तारा सुरात लावून गिटार त्याच्या हातात दिली.

एफ लागली. स्वच्छ नव्हे, पण सहाही तारा बोलल्या. त्याने ती परत लावली, मग सी, मग परत एफ. दहाएक मिनिटं तो आमच्याकडे न बघता वाजवत होता. मला खात्री वाटली, आता हा विकणार नाही. आणि मला बरंही वाटलं नाही. कारण गिटार मला हवी होती, आता तर जास्तच.

त्याने ती पिशवीत घातली, चेन लावली. ‘सेमिस्टरची फी भरायचीय ताई. उद्या शेवटची तारीख आहे.’

मी घरून ठरवून आले होते: दोष दाखवायचे आणि साडेचारवर आणायचं. उंच फ्रेट, खरखरणारी कळ, सगळं हातात होतं. बाबा रेनकोटाची बटणं लावत म्हणाले, ‘जे आपण घरी एका तासात करणार, त्याचे पैसे त्याच्याकडून कापायचे नाहीत.’ मी सहा हजार पाठवले. नंबर दिला. म्हटलं, वाजवावीशी वाटली तर ये. म्हणायला सोपं असतं ते.

निघताना बाबांनी फ्रेटच्या टोकांवरून अंगठा फिरवला होता. ‘आता मऊ लागतात, कारण लाकूड फुगलंय. थंडीत बघ.’ तसंच झालं. डिसेंबरात हवा कोरडी पडली, मान आकसली आणि फ्रेटची टोकं कडेला कुसळासारखी टोचायला लागली. एखादी स्वस्त गिटार पावसाळ्यात घेतली असेल तर तिच्यावरचं मत थंडी संपेपर्यंत राखून ठेवावं.

जानेवारीत त्याचा मेसेज आला. ‘ताई, गिटार आहे का अजून?’ मी लिहिलं, ‘आहे.’ विकत मागेल का, मागितली तर मी देईन का, याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. तो आतापर्यंत दोन रविवार येऊन वाजवून गेलाय.

फ्रेटची टोकं आम्ही जेवणाच्या टेबलावर घासतो. कानस माझ्या हातात, बाबा समोर. एक टोक झालं की ते अंगठा फिरवून बघतात. मग मी तार छेडते आणि ते माझ्या तोंडाकडे बघत विचारतात, ‘घासतेय का?’

‘नाही,’ मी म्हणते.

तरी ते एकदा मानेला बोट लावून बघतातच.