झाडाभोवती खणताना

आमच्या घराच्या दक्षिणेला, वईच्या कडेला, ख्रिसमस ट्रीचे एक उंच झाड आहे. १९७१ साली वडिलांनी ते कुंडीतून काढून जमिनीत लावले. खड्ड्यात पाण्याचा पहिला तांब्या ओतण्याचा मान माझ्या थोरल्या चुलतभावाला मिळाला, म्हणून मी त्या दिवशी रडलो होतो. त्याला मी आजही दादा म्हणतो. पुढे तोच दर नाताळात त्या झाडावर चढून शेंड्याजवळ तारा बांधू लागला. यथावकाश वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, दोन अंगणांच्या मध्ये वई आली. तारा बांधायला मात्र दादाच येत असे, आणि वय झाल्यावर त्याचा मुलगा.

२०२३ च्या नाताळात त्या झाडावर तारा लागला नाही.

त्या वर्षी पावसाळा सरल्यावर झाडाच्या खालच्या फांद्या तांबूस दिसू लागल्या. खालची फांदी वयोमानाने वाळते, हे मला ठाऊक होते. परंतु आगमनकाळ लागेतो तांबूसपणा मधल्या फांद्यांपर्यंत चढला. फांद्यांचे सुईसारखे तुरे सबंधच्या सबंध गळून अंगणात पडू लागले. मी कीटकनाशक फवारले, खताचे पोते आणून ओतले, बादल्याच्या बादल्या पाणी घातले. काहीच उपयोग झाला नाही. मग माझ्या मनाने एक सोपे कारण शोधून काढले.

झाड दादाच्या घराकडे झुकलेले आहे. "एखाद्या वादळात हे माझ्या छपरावर येईल," असे तो कैक वर्षे म्हणत आला होता. दोनदा त्याने झाड उतरवण्याची गोष्टही काढली होती. झाड वाळल्यास कोणाची सोय होणार होती, हे सांगायला ज्योतिषी नको होता. एका संध्याकाळी वईपाशी उभा राहून मी त्याला विचारले, "दादा, मुळाशी काय ओतलेस?" तो माझ्याकडे क्षणभर पाहत राहिला आणि काही न बोलता घरात गेला. त्यानंतर सव्वा वर्ष आम्ही एकाच देवळात, एकाच मिस्सेला, दोन वेगळ्या बाकांवर बसत होतो.

२०२५ च्या उपवासकाळातील तिसऱ्या रविवारी संत लूकच्या शुभवर्तमानातील निष्फळ अंजिराच्या झाडाचा दाखला वाचला गेला. धनी झाड तोडायला सांगतो. माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो. मिस्सा संपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध बागाईतदार भेटले. केळी आणि फुले पिकवण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे. सहज म्हणून मी झाडाचा विषय काढला. "पाहू या," म्हणाले, आणि तसेच माझ्याबरोबर घरी आले.

त्यांनी पानांना हातही लावला नाही. आधी झाडाभोवती एक फेरी मारली. मग विचारले, "कुठली बाजू आधी करपली?" हा प्रश्न मला सव्वा वर्षात एकदाही सुचला नव्हता. मी मान वर करून पाहिले. उत्तरेची, म्हणजे माझ्या अंगणावरची बाजू तांबूस झाली होती. दादाकडची अद्याप बरीच हिरवी होती. "वईपलीकडून कोणी काही ओतले असते, तर बहुधा ती बाजू आधी गेली असती," ते इतकेच म्हणाले. माझ्या संशयाची कथा त्यांच्या कानी गेली होती की नाही, कोण जाणे.

विहिरीचे पाणी मचूळ झाले असेल, अशी मी पुढची शंका काढली. त्यांनी दादाच्या केळींकडे बोट दाखवले. केळीला खारे पाणी सोसत नाही, आणि त्याच विहिरीच्या पाण्यावर त्या टवटवीत उभ्या होत्या. मग त्यांनी एका तांबूस फांदीची साल नखाने खरवडली: आत कोरडे. बुंध्याशी वाकून तेथील साल किंचित खरवडली: आत हिरवी ओल. "झाड जिवंत आहे. आता सांगा, या चारपाच वर्षांत इथे नवीन काय झाले?"

या प्रश्नाचे महत्त्व मला पुढे वाचनातून अधिक कळले. आपण ज्याला ख्रिसमस ट्री म्हणतो, ते खरे पाइन नव्हेच. ते अरौकारियाच्या कुळातले. आमचे झाड कूक पाइन, मूळ न्यू कॅलिडोनियाचे; त्याचा सख्खा भाऊ नॉरफोक पाइन, नॉरफोक बेटावरचा. कॅप्टन जेम्स कूक १७७४ साली या दोन्ही ठिकाणी पोहोचला होता. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ मॅनली येथे समुद्रकाठी नॉरफोक पाइनच्या रांगा आहेत. १९६० आणि १९७० च्या दशकांत ती झाडे वाळू लागली. दोष खाऱ्या वाऱ्यावर ढकलणे सोपे होते. पण समुद्र तर पहिल्यापासून खारटच होता. नवीन होते ते सांडपाण्यातून समुद्रात येणारे धुण्याच्या पावडरींतले रसायन. फेसाबरोबर उडून ते पानांवर बसे, पानांचे मेणासारखे आवरण निकामी करी आणि मग मीठ आत शिरे.

आणि माझ्या झाडाचा कल? २०१७ साली शास्त्रज्ञांनी पाच खंडांतील २५६ कूक पाइन मोजून प्रसिद्ध केले, की ही झाडे विषुववृत्ताच्या दिशेने झुकतात, सरासरी सुमारे साडेआठ अंश. उत्तर गोलार्धात ती दक्षिणेकडे कलतात. दादाचे घर दक्षिणेला असणे एवढाच काय तो त्याचा गुन्हा!

नवीन काय झाले, याचे उत्तर माझ्या पायांखाली होते. जुलै २०१८ च्या पुरात आमच्या घरात गुडघाभर पाणी शिरले. भोवतालची बावखले बुजली, रस्ते उंच झाले. पाण्याने जावे कोठे? पुढच्या उन्हाळ्यात मी मुरूम टाकून अंगण दीड फूट उचलले आणि वर पेव्हर ब्लॉक बसवले. मुलीच्या लग्नाचा मांडव त्याच अंगणात पडला. पाहुण्यांनी अंगणाची वाखाणणी केली. झाड त्या भरावात बुंध्यापर्यंत गाडले गेले आहे, हे कोणाच्याच लक्षात आले नाही.

बागाईतदारांनी मला बुंधा दाखवला. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीजवळ पसरट होतो, मुळांना खांदे फुटतात. माझे झाड विजेच्या खांबासारखे सरळ जमिनीत शिरले होते. झाडाची अन्न शोषणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या हात-दीड हात मातीत असतात आणि त्यांनाही श्वास लागतो. त्यांच्यावर दीड फूट मुरूम दाबला, वरून झाकण घातले, की ती गुदमरतात आणि कुजू लागतात. झाड मात्र साठवलेल्या बळावर दोनचार वर्षे हिरवे राहते. म्हणून अपराध आणि त्याचे फळ यांचा सांधा आपल्याला दिसत नाही.

"खत नको," ते जाताना म्हणाले. "आजाऱ्याला मेजवानी घालू नये. आधी खणा, मग खत. शुभवर्तमानातही क्रम तोच आहे."

त्या संध्याकाळी मी वई ओलांडून दादाच्या ओट्यावर गेलो. पापनिवेदनासाठी धर्मगुरूंसमोर गुडघे टेकणे त्या मानाने सोपे असते. मी सारे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि मग आत नेऊन स्वयंपाकघराची भिंत दाखवली. वीतभर उंचीपर्यंत ओलीचा डाग होता. माझे अंगण उचलल्यापासून दर पावसात माझ्याकडचे पाणी त्याच्या घरात जात होते. "बोलला का नाहीस?" मी विचारले. "मुलीचे लग्न होते तुझ्या," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पहार घेऊन आला. फांद्यांच्या विस्ताराखालचे ब्लॉक आम्ही उचलले. यंत्र न लावता, मुळे न तोडता, खोऱ्याने थोडा थोडा भराव काढला. खालची माती राखाडी झाली होती आणि तिला कुजका वास येत होता. चौथ्या दिवशी बुंध्याचे खांदे उघडे पडले. खळग्यात पाणी साचू नये म्हणून चर काढला आणि तो, यावेळी, दादाच्या अंगणाकडे न नेता रस्त्याच्या गटाराकडे नेला.

करपलेल्या फांद्या पुन्हा हिरव्या झालेल्या नाहीत, होणारही नाहीत. त्या उतरवल्यावर झाड एका बाजूने विद्रूप दिसते. परंतु २०२५ च्या पावसाळ्यानंतर शेंड्याला फिकट हिरवे नवे तुरे फुटले आणि तांबूसपणा आणखी वर चढला नाही. झाड वाचेल की नाही, हे पुढील काही वर्षे ठरवतील. माळ्याने तरी एकाच वर्षाची मुदत मागितली होती.

त्या नाताळात दादाच्या मुलाने झाडावर चढायला नकार दिला. अशक्त फांद्यांवर भार नको म्हणाला. तारा आम्ही वईवर बांधला. दोन्ही घरांतून तो दिसत होता.