तोतोरोमागचं रान

कोथरूड, पुणे

चि. मनूस,



परवा फोनवर तू विचारलंस, ‘मावशी, तोतोरो फ्रेम करून लावलास की नाही?’ त्याचं उत्तर घाईघाईत देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले. फ्रेम केलेली नाही. जिगसॉच्या खोक्यात गोंदाची पुडी आणि तो गोंद पसरायची छोटी पट्टी होती, ती दोन्ही टेबलाच्या खणात ठेवून दिली आहेत. जपानात जिगसॉ पुरं झालं की वरून गोंद फिरवून ते भिंतीवर टांगतात, हजार तुकड्यांसाठी ५० बाय ७५ सेंटिमीटरच्या तयार फ्रेमाही मिळतात, हे तूच मला सांगितलं होतंस. पण मला ते चित्र भिंतीवर नको, हाताखाली हवं आहे. का, ते सांगते.

सिनेमातल्या त्या चित्रात तोतोरो स्वतः लवकर झाला. त्याचं करडं अंग, पोटावरच्या त्या कमानीसारख्या खुणा, मिशा, ते रुंद हसू, सगळं पहिल्या काही बैठकांत जागेवर बसलं. सात्सुकी आणि मेई या दोघी बहिणीही फार लपून राहिल्या नाहीत. मग उरलं रान. हिरवं, त्याहून हिरवं, आणि त्या हिरव्याच्या सावलीतलं काळपट हिरवं. निम्म्याहून जास्त तुकडे त्या रानाचेच होते, आणि या सगळ्या खेळातला माझा खरा आनंद तिथून पुढे सुरू झाला.

तुझा लेक ऑगस्टात इथे होता तेव्हा त्यानं त्याच सिनेमातली १०८ तुकड्यांची ती मांजरबस लावली, आठवतं? मी शेजारी बसून नुसती बघत होते. आपण मोठी माणसं आधी चार कोपरे शोधतो, मग सरळ कडेचे तुकडे, मग आत येतो. त्यानं कडेकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं आधी डोळे शोधले. मांजरबसचे ते दिव्यासारखे पिवळे डोळे सापडल्यावर ‘आता ही मला बघतेय’ म्हणाला आणि मग डोळ्यांभोवती तोंड, तोंडाभोवती अंग असं करत गेला. आवडत्या पात्राचं पझल आणि एखाद्या किल्ल्याचं किंवा फुलांचं पझल यांत फरक असतो तो इथेच. इथे आपण ओळखीच्या कुणाला तरी हुडकत असतो. त्या ओढीवरच माणूस पुढचं अवघड काम पत्करतो.

आता मला कळलेली एक गोष्ट. तुकडा हातात घेतला की मी आधी बघते, त्यावर रेघ आहे का. रेघ असली, म्हणजे गडद बारीक बाह्यरेषा आणि आत सपाट एकसारखा रंग असला, की तो तुकडा तोतोरोचा किंवा मुलींचा. रेघ नसली आणि रंग एकातून दुसऱ्यात विरघळत गेलेला असला, की तो रानाचा. यात जादू काही नाही. १९८८ साली तोतोरोचा सिनेमा आला तेव्हा असे कार्टूनचे सिनेमे हातानं रंगवत. जे हलायचं ते सेल नावाच्या पारदर्शक फिल्मवर उतरवून मागच्या बाजूनं सपाट रंग भरायचे, कारण एकाच हालचालीसाठी अशी कितीतरी चित्रं लागायची आणि प्रत्येकात रंग तोच यायला हवा. जे स्थिर राहायचं, म्हणजे झाडं, रस्ता, आभाळ, ते कागदावर एकदाच पण जीव ओतून रंगवायचे. सेल त्या कागदावर ठेवला की एक चित्र. पडद्यावर हे दोन हात वेगळे दिसत नाहीत, कारण सेकंदाला २४ चौकटी सरकत असतात आणि आपली नजर हलणाऱ्या मेईच्या मागे धावत असते. तिच्या मागचं रान चार-पाच सेकंदांत निघून जातं. माझ्या हाताखाली मात्र ते कित्येक आठवडे थांबलं.

ते रान ज्यांनी उभं केलं त्यांचं नाव काझुओ ओगा. या सिनेमाचे कला दिग्दर्शक. दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांचं नाव जगभर झालं आणि ते व्हायलाच हवं होतं, पण पझल लावताना मी सोबत करत होते ती ओगांना. ते मूळचे उत्तरेकडच्या आकिताचे. सिनेमात मातीला रंग कोणता द्यायचा यावर त्यांचा आणि मियाझाकींचा खल झाला होता, कारण ओगांच्या डोळ्यांसमोर आपल्या गावची माती आणि सिनेमाचं गाव तोक्योच्या बाजूचं, कांतोतलं. शेवटी कांतोची तांबूस माती निवडली. घराकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याचे तुकडे मी लावत होते तेव्हा मला सारखं कोकणातलं आपलं आजोळ आठवत होतं. जांभ्याचा तो रस्ता, पावसानंतर कडेला साठलेलं तांबडं पाणी. कांतोची माती काही कोकणाइतकी लाल नाही, पण माणूस आपल्या गावाच्या मातीवरून भांडतो हे मला त्या रस्त्यात दिसलं.

आणि हे सगळं त्यांनी पोस्टर कलरनं केलंय, मनू! चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षेला आपण ज्या छोट्या बाटल्यांतून रंग घ्यायचो, ज्यांतला पांढरा सगळ्यात आधी संपायचा, तोच प्रकार. त्या रंगात ढग असे फुगलेले, उन्हानं कडा उजळलेले काढता येतात हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. ढगांचे तुकडे जुळवताना कळतं की त्यांतला पांढरा कुठेच नुसता पांढरा नाही. खालच्या अंगाला तो किंचित जांभळट आहे, वर पिवळसर. आभाळ निळं म्हणून मी सगळे निळे तुकडे एका ताटात काढले होते. हळूहळू त्या एका निळ्याचे चार ढीग झाले.

चित्राच्या मधोमध जे प्रचंड झाड आहे ते कापराचं. जपानीत त्याला कुसुनोकी म्हणतात. पूर्वी कापूर याच झाडाच्या लाकडापासून काढत. आता देवापुढे जाळतो तो बहुतेक कारखान्यातला असतो. हे कळल्यावर त्या बुंध्याकडे मी निराळ्याच नजरेनं बघायला लागले. सिनेमात त्या झाडाभोवती देवळातल्यासारखी जाड दोरी बांधली आहे, आणि मुलींचे बाबा झाडासमोर उभं राहून दोघींना वाकून नमस्कार करायला लावतात. वडाला सूत गुंडाळणाऱ्या माणसांना यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

कामाची पद्धतही सांगते, तुला उपयोगी पडेल. प्लायवूडचा एक मोठा तुकडा आहे, त्यावर पझल, आणि उठताना तो तसाच दिवाणाखाली सरकवायचा. हिरवे तुकडे निवडायचे ते फक्त दिवसाउजेडी, खिडकीशी, तांदूळ निवडायला बसतो तसं ताट मांडीवर घेऊन. ट्यूबच्या उजेडात दोन हिरवे सारखेच दिसतात आणि फसवतात. रात्री बसायचं तर रंग विसरून आकारावर जायचं: दोन्हीकडे खाचा असलेले वेगळे, दोन्हीकडे डोकी असलेले वेगळे, एक बाजू आखूड असलेले वेगळे. भर पावसात पुठ्ठा जरा सादळतो आणि तुकडे घट्ट बसतात. तेव्हा दाबायचं नाही, दोन दिवस पंख्याखाली ठेवायचं. एक आणखी, खोक्यावरचं चित्र सतत समोर ठेवू नये असं माझं ठाम मत झालंय. सुरुवातीला एकदा नीट पाहावं आणि उलटं करून ठेवावं. मग हातातल्या तुकड्याकडेच लक्ष जातं. पानांच्या गर्दीत एक बारीक पिवळा ठिपका दिसतो आणि ते ऊन आहे हे चार तुकडे जोडल्यावर समजतं.

हा खेळ मुळात निघाला तो धडा शिकवायला. १७६०च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्यानं नकाशा लाकडावर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापला, पोरांना भूगोल यावा म्हणून. पुठ्ठ्याचे स्वस्त तुकडे घरोघर गेले ते १९३०च्या मंदीत, अमेरिकेत, आणि त्याच सुमारास मिकी माऊसही त्यांवर आला. तेव्हापासून कार्टूनची पात्रं आणि जिगसॉ यांची जोडी तुटलेली नाही. रावेन्सबुर्गर या जर्मन कंपनीनं तर डिस्नेच्या दहा सिनेमांतली दृश्यं घेऊन ४०,३२० तुकड्यांचं पझल काढलं, जवळजवळ सात मीटर लांब. ते लावणाऱ्यांच्या चिकाटीचं मला मनापासून कौतुक आहे, पण मला तेवढं नको. मला एकच रान हवं, पण त्यात मुरायला मिळावं.

तसं दुसरं एक रान नुकतंच मिळालं. समोरच्या इमारतीतल्या बाईंकडे त्यांच्या मुलानं जर्मनीहून आणलेलं बॅम्बीचं पझल होतं, तेही हजार तुकड्यांचं. त्यांनी ते मला वापरायला दिलं. तोतोरोनंतर ते हातात घेतलं आणि पहिल्या दिवशी काही सुचेना. बॅम्बीच्या रानात पानं अशी नाहीतच! धुकं आहे, दोन खोडांची सावली आहे, मध्येच एक उजेडाचा पट्टा आहे, आणि बाकीचं रान आपल्या मनानं भरायचं. ओगा पानन् पान रंगवतात. इथे फुंकर मारल्यासारखं काम आहे. ज्या चित्रकाराच्या चित्रांवरून या सिनेमाचं रूप ठरलं ते टायरस वाँग. चीनच्या ग्वांगडोंगमध्ये १९१०च्या सुमाराला जन्मलेले, लहानपणीच वडिलांबरोबर अमेरिकेला आलेले. डिस्नेत त्यांना काम होतं दोन मुख्य चित्रांमधल्या हालचालींची चित्रं भरायचं, कंटाळवाणं आणि बिननावाचं. बॅम्बीचा सिनेमा होणार हे कळल्यावर त्यांनी आपणहून रानाची काही छोटी चित्रं काढून दाखवली, जुन्या चिनी निसर्गचित्रांच्या वळणाची, आणि वॉल्ट डिस्नेंना ती इतकी आवडली की सगळ्या सिनेमाला तोच सूर मिळाला. पण १९४१ साली स्टुडिओत संप झाला आणि त्यानंतर वाँगना कामावरून कमी केलं. १९४२ साली सिनेमा आला तेव्हा श्रेयनामावलीत ते पार्श्वभूमी रंगवणाऱ्या इतरांतले एक होते. मोठा मान मिळाला तो २००१ साली, नव्वदी उलटल्यावर. पुढे वयाची १०६ वर्षं पुरी करून २०१६ साली ते गेले. म्हातारपणी स्वतः पतंग बनवून समुद्रकिनाऱ्यावर उडवत असत.

मला हे वाचून राग आला होता, अजूनही येतो. आणि त्याच रागानं मी त्यांच्या रानाचे ते धुकट करडे तुकडे एकेक करून लावले. बॅम्बी हे हरणाचं पिल्लू आणि थंपर ससा फार गोड आहेत, ते कुणालाही आवडतील. पण ज्या धुक्यात ते उभे आहेत ते धुकं कुणाच्या तरी हातचं आहे, आणि सिनेमा बघताना त्या हाताला कुणी पाहत नाही. पझलमध्ये त्याला टाळून पुढे जाताच येत नाही. तो हात समजून घेतल्याशिवाय पुढचा तुकडा बसत नाही.

म्हणून फ्रेम नको, मनू. भिंतीवर लावलं की चार दिवस येताजाता बघेन, मग तेही घड्याळासारखं होईल. मोडून ठेवलंय, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात पुन्हा ते रान माझं. या वेळी आभाळापासून सुरुवात करायची आणि तोतोरोला सगळ्यात शेवटी ठेवायचं असं ठरवलंय. तुकडे सगळे हजार आहेत, मोडताना मोजून पिशवीत भरले, त्यामुळे हरवलेला तुकडा मागवायला खोक्यात दिलेलं पोस्टकार्ड तसंच कोरं आहे.

सायामाच्या टेकड्या तिकडे जपानात तुमच्यापासून फार लांब नसाव्यात. तोतोरोचं रान त्यांच्यावरून सुचलं. तिथे इमारती व्हायला लागल्या तेव्हा लोकांनी १९९० साली निधी उभा केला आणि वर्गणीतून जमिनीचे छोटे छोटे तुकडे विकत घेऊन रान राखलं. पहिला तुकडा १९९१ साली घेतला. त्या राखलेल्या जागांना ‘तोतोरोचं रान’ असंच म्हणतात. लेकाला तिथे एकदा चालायला ने. आणि तोक्योतच मिताकाला तोतोरोचा सिनेमा काढणाऱ्या स्टुडिओचं संग्रहालय आहे, तिथे आगाऊ तिकीट काढून जावं लागतं. सिनेमा कसा जन्माला येतो ते दाखवणारी खोली आहे, भिंतीभर चित्रं लावलेली. आत फोटो काढू देत नाहीत, हे बरंच आहे. तू तिथे सावकाश उभी राहा, ओगांचं एखादं झाड सापडलं तर जवळून बघ, आणि पानांच्या कडेला त्यांनी उजेड कोणत्या रंगानं काढलाय ते मला लिहून कळव. पिवळा आहे की फिकट हिरवा, यावर माझं आणि समोरच्या बाईंचं अजून एकमत झालेलं नाही.

जावईबापूंना नमस्कार, लेकाला खूप पापे.

तुझी,
मावशी