वालाच्या शेवटच्या शेंगा तोडू नका

होळी जळाली की थंडी पळाली, असं आपण म्हणतो. यंदा होळी होऊन आठवडा झाला तरी आमच्या अकोले तालुक्यात पहाटे स्वेटर लागतोय.

परसबागेचं गणितच बदललंय. मेथी-कोथिंबीर अजून फुलावर आलेली नाही, वालाला शेंगा चालूच आहेत. पण दोडका, कारलं, भोपळ्याचं बी मातीत गप्प बसलंय. या वेलांना उगवायला ऊब लागते. म्हणून मी बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवतो, ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ ठेवतो, मोड दिसला की मगच आळ्यात लावतो. वालावर मावा दिसला तर सकाळच्या दवात राख धुरळतो.

गार मातीत काही बी कुजणारच, दुसऱ्यांदा लावावं लागणार. घरचं बी असेल तर मूठभर अजून घ्यायचं. पाकीट असेल तर पुन्हा दुकान गाठायचं. शिवाय संकरित वाणाचं बी धरून ठेवलं तरी पुढच्या वर्षी तसंच पीक येत नाही, म्हणजे दरवर्षी खरेदी आलीच.

याला उत्तर आपल्याच तालुक्यात आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण गावोगावचं गावरान बी गोळा करून त्यांनी बियाणे बँक उभी केली. ‘बाएफ’ संस्थेची त्यांना साथ मिळाली. २०१८ मध्ये बीबीसीच्या १०० महिलांच्या यादीत त्यांचं नाव आलं, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आपण अभिमानाने स्टेटस ठेवले. पण आपल्या परसात किती जुने वाण उरलेत?

पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार घरचं बी राखायचा, पेरायचा, एकमेकांना द्यायचा हक्क शेतकऱ्याला आहे. पण बी राखणारी आजी गेली आणि मडकं रिकामं झालं, तर त्या हक्काचं करायचं काय?

शाळा-अंगणवाडीत परसबागा होतायत, चांगलंच आहे. तिथं गावातलंच गावरान बी वापरावं, हा विषय येत्या ग्रामसभेत मांडू या. आणि घरी एवढं करा : वालाच्या शेवटच्या शेंगा वेलावरच वाळू द्या, दाणे राखेत घोळून ठेवा. कुणाकडे जुना वाण असेल तर कळवा. बदल्यात माझ्याकडचा वाल नक्की देईन.