परवान्याची नस्ती

२०१९ साली पूर्वेकडील एका राज्यात मी विद्यापीठाचा कुलसचिव म्हणून प्रतिनियुक्तीवर होतो. मार्च महिन्यात शिस्तपालन समितीपुढे एक प्रकरण आले. वसतिगृहातील एका संशोधक विद्यार्थ्याने सांख्यिकी विश्लेषणाच्या महागड्या सॉफ्टवेअरची 'क्रॅक' केलेली प्रत महाजालावरून उतरवून घेतली होती. सोबतच्या सूचनांतली पहिलीच सूचना अशी : आधी अँटिव्हायरस बंद करा. त्याने तो बंद केला. तासाभरात प्रबंधाच्या सर्व फाइलींना कुलूप लागले आणि ९८० डॉलरची मागणी करणारी चिठ्ठी पडद्यावर आली. ७२ तासांत संपर्क साधल्यास निम्मी सूट! दुसरी प्रत ज्या हार्ड डिस्कवर होती, ती त्या वेळी संगणकालाच जोडलेली असल्याने तीही गेली.

चोराने कडी काढायला सांगावी आणि घरधन्याने ती काढावी, असा हा मूर्खपणा आहे असे मला प्रथम वाटले. पुढे संगणक केंद्राच्या प्रमुखांनी समजावले, तेव्हा मत बदलले. परवान्याची तपासणी चुकवण्यासाठी मूळ आज्ञावलीत ढवळाढवळ करावी लागते. त्यामुळे 'क्रॅक' घातक असो वा नसो, अँटिव्हायरस बहुधा ओरडतोच. दहा वेळा काही बिघडले नाही की अकराव्या वेळी त्या ओरडण्याकडे कोण लक्ष देणार?

समितीत कॉपीराइट कायदा, १९५७ चे कलम ६३ब वाचून दाखवण्यात आले : सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास. निदान वसतिगृहातून काढावे, असे बहुतेकांचे मत पडले. मुलगा परभणीकडचा. आत हिंदीत जेमतेम चार वाक्ये बोलला. बाहेर व्हरांड्यात माझ्या नावावरून ओळखून मराठीत म्हणाला, "सर, विभागात सगळ्यांकडे हेच आहे. पेनड्राइव्हवरून फिरतं. विकत घ्यायचं तर माझी वर्षाची फेलोशिप जाईल."

त्या रात्री मी संबंधित नस्ती मागवली. त्याच सॉफ्टवेअरचा सामूहिक परवाना घ्यावा, असा विभागाचा प्रस्ताव चौदा महिने फिरत होता. त्यांतले शेवटचे चार महिने तो माझ्याकडे होता. समासात माझ्याच अक्षरात शेरा होता : 'तातडी काय, हे स्पष्ट करावे.'

वाचकांपैकी जे शासनसेवेत आहेत त्यांना हा शेरा ओळखीचा वाटेल. परिपत्रक काढून बंदी घालणे आम्हाला फार सोपे जाते. त्याला खर्चाची मंजुरी लागत नाही. मी नस्ती समितीपुढे ठेवली, शिक्षा ताकिदीवर आणली आणि परवान्याला मंजुरी दिली. तो येईपर्यंत 'आर' या विनामूल्य प्रणालीचे वर्ग सुरू केले. प्रयोगशाळेतील संगणकांवर विद्यार्थ्यांना साधे खाते दिले, म्हणजे कोणालाही परस्पर काही स्थापित करता येऊ नये. संगणकांच्या सफाईसाठी केंद्र शासनाच्या सायबर स्वच्छता केंद्राची साधने २०१७ पासून फुकट मिळत होती. आम्हाला त्यांचा पत्ताच नव्हता. प्रबंधाची एक प्रत संगणकापासून सुटी ठेवावी, हे तर सांगायला एक कपर्दिकही लागत नाही. पण तेही कुणी सांगितले नव्हते.

खंडणी त्याने दिली नाही. ऑक्टोबरमध्ये एमसिसॉफ्ट या कंपनीने त्या जातीच्या जुन्या प्रकारांवर विनामूल्य उतारा प्रसिद्ध केला. त्यासाठी एकाच फाइलची मूळ आणि कुलूपबंद अशी जोडी लागत असे. मार्गदर्शकांना ईमेलने पाठवलेले एक प्रकरण त्यांच्याकडे जसेच्या तसे होते. त्याच्या बळावर लिहिलेली सर्व प्रकरणे उघडली. विणकरांच्या मुलाखतींच्या ध्वनिफितींची मात्र एकही मूळ प्रत उरली नव्हती. फोनमधली जागा भरली म्हणून त्याने त्या पुसल्या होत्या.

डिसेंबरात तो पुन्हा त्या गावांना जाऊन आला. तोवर दोन वृद्ध विणकर वारले होते.