हार्दिक नापसंती

आयईएलटीएसच्या निबंधाला साधारण ४० मिनिटं आणि किमान २५० शब्द. त्यातले एक चतुर्थांश गुण शब्दसंपत्तीचे. सुटे शब्द पाठ करून भागत नाही, कोणता शब्द कोणाबरोबर नांदतो तेही तपासतात. क्लासच्या बाईंनी हे सांगितलं तेव्हा मी मान डोलावली. मग नापसंतीच्या जोड्यांचं पान उघडलं.

‘डिसअप्रूव्ह’आधी ‘स्ट्राँगली’, समजलं. पण ‘हार्टिली’सुद्धा चालतं म्हणे! हार्दिक म्हटलं की मला चौकातला अभिनंदनाचा फ्लेक्स दिसतो. पाऊस ‘हेवी’ असतो, दंड ‘हेवी’, तशी टीकाही. नकार मात्र ‘फ्लॅटली’ द्यायचा आणि निषेध ‘राउंडली’ करायचा. नकार सपाट, निषेध गोल. मी इंग्रजी शिकतोय की भूमिती?

खरा घोळ ‘फ्राउन्ड अपॉन’ने घातला. मीटिंगमध्ये फोन बघणं ‘इज फ्राउन्ड अपॉन’. कपाळावर आठ्या कोणाच्या, ते वाक्यात कुठेच नाही. मनाई नाही, नियम नाही, नुसत्या बेवारस आठ्या. आपल्या ‘लोक काय म्हणतील’मध्ये निदान लोक तरी असतात. आणि साहेब एखाद्या गोष्टीचा ‘डिम व्ह्यू’ घेतात, म्हणजे त्यांना अंधूक दिसतं असं नव्हे. त्यांना ती मुळीच पसंत नाही.

अशा जोड्यांना ‘कोलोकेशन’ म्हणतात. हॅरॉल्ड पामर यांनी त्यांचा मोठा अहवाल १९३३ मध्ये काढला, तोही टोकियोत, जपानी विद्यार्थ्यांची अडचण ओळखून. ही संकल्पना भाषाशास्त्रात रुजवणारे जे. आर. फर्थ त्याआधी लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते. म्हणजे आमच्यासारख्यांचे हाल जवळून पाहिलेली माणसं!

‘‘पण असंच का?’’ मी बाईंना विचारलं.

‘‘टीका सडकून करता ना? मग निषेध सडकून करून दाखवा.’’

जमेना. निषेध तीव्रच लागतो, विरोध कडाडून. कोर्ट ताशेरे ओढतं, मारत नाही. आणि हे ताशेरे एरवी कुठे राहतात कोण जाणे. इतकी वर्षं हे सगळं बिनचूक बोलत आलो आणि कारण एकाचंही सांगता येईना.

त्या पानावर तुच्छता ओतायची की रचायची, ‘पोअर’ की ‘हीप’, यावर मी अजून अडलोय. दोन्ही बरोबर आहेत, हीच पंचाईत. ‘स्नाइड रिमार्क’ला मात्र पाठांतर लागलं नाही. खोचक शेरा. तो आमच्या घरात रोज चहाबरोबर मिळतो.